काब द रामचे कडे: सूर्यास्तापासून उलटं मोजलेला एक दिवस

दक्षिण गोव्यातल्या काब द रामला, तिथला किल्ला आणि समुद्राकाठचे कडे पाहायला, जायचं असेल तर घरातून निघायची वेळ सगळ्यात शेवटी ठरवावी. आधी त्या दिवशीचा सूर्यास्त कितीला आहे ते पाहावं आणि तिथून उलटं मोजत यावं. हे कडे पश्चिमेला तोंड करून उभे आहेत, त्यामुळे सकाळभर ते सावलीत असतात. दुपार कलल्यावर ऊन जांभ्यावर पडतं आणि तो करडा-काळपट दगड तांबूस होऊ लागतो. त्यात खरी बघण्यासारखी वेळ शेवटच्या दोन-अडीच तासांची. सकाळी लवकर निघून साडेदहाला किल्ल्यात पोचलेल्यांना डोक्यावर ऊन मिळतं, समोर चकाकणारं पाणी मिळतं आणि कडा मात्र सपाट, बिनरंगाचा दिसतो. मग सूर्यास्ताच्या वेळी ही मंडळी पाळोळ्याच्या किनाऱ्यावरच्या गर्दीत असते.

गोव्यात सूर्यास्ताची वेळ वर्षभरात तासाभराने सरकते. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, डिसेंबरच्या मध्यावर सहा-पाचला, जानेवारीअखेर साडेसहाच्या जवळ, मे महिन्यात सातला पाच-दहा मिनिटं कमी असताना. बुडाल्यावर वीसेक मिनिटं चांगला उजेड राहतो, मग झपाट्याने काळोख होतो. ही वीस मिनिटं कड्यावरून गाडीपर्यंत यायला राखून ठेवायची असतात.

आता डिसेंबरचा दिवस धरून हिशेब मांडू. सूर्यास्त सहा-पाच. साडेतीनला किल्ल्याच्या दारात. दीड तास किल्ल्यात, पाचला बाहेर, सव्वापाचला दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या उंचवट्यावर. साडेसहाला गाडी सुरू. साडेतीनला पोचायचं म्हणजे आगोंदहून पावणेतीनला हलायचं. अंतर बारा-तेरा किलोमीटरचं असलं तरी रस्ता वळणांचा आहे आणि मध्ये कुणीतरी गाडी थांबवायला सांगतंच. जेवण साडेबारा ते सव्वादोन. मडगावात दहाला नाश्ता. म्हणजे पणजीहून नऊला निघालं की पुरतं. म्हापशाहून येणाऱ्यांनी पर्वरीतल्या कोंडीसाठी अर्धा-पाऊण तास जास्त धरावा, आणि मोपा विमानतळाहून थेट हा बेत करूच नये. जाण्यातच अडीच तास मोडतात.

परत पणजीत साडेआठ. नऊ ते साडेआठ म्हणजे साडेअकरा तास. अंतर पाहा: पणजी-मडगाव चौतीस, मडगाव ते आगोंद राष्ट्रीय महामार्ग ६६ ने करमल घाट धरून अडतीसच्या आसपास, आगोंद-काब द राम तेरा, काब द राम ते मडगाव बेतूलमार्गे एकोणतीस, आणि पुन्हा चौतीस. दीडशे किलोमीटरला एखाददोन कमी-जास्त.

हे दोन आकडे हातात असल्याशिवाय गाडीवाल्याला फोन करू नका, कारण भाड्याचे सगळे वाद इथेच जन्माला येतात. गाड्यांचं ठरलेलं पॅकेज बहुतेक वेळा आठ तास-ऐंशी किलोमीटरचं असतं. फोनवर तोच आकडा सांगितला जातो, तो ऐकून बरं वाटतं, आणि संध्याकाळी वरचे सत्तर किलोमीटर नि साडेतीन तास वेगळ्या दराने जोडले की भाडं फुगतं. यात गाडीवाल्याची लबाडी नसते, पॅकेजच या वाटेसाठी अपुरं असतं. म्हणून पहिल्याच फोनवर सरळ सांगावं: पणजीहून काणकोण, आगोंद, काब द राम, बेतूलमार्गे परत, बारा तास, एकशे साठ किलोमीटर, एकच ठोक रक्कम सांगा. मग चार प्रश्न विचारायचे. किलोमीटर कुठून मोजणार, तुमच्या दारापासून की गाडीच्या स्टँडपासून? (याला धंद्यात गॅरेज टू गॅरेज म्हणतात, गाडी मडगावची आणि तुम्ही पणजीत असाल तर जाण्या-येण्याचे अडुसष्ट किलोमीटर तुमच्या खात्यात पडतात.) बारा तासांच्या पुढे ताशी किती? पार्किंग धरून की वेगळं? ड्रायव्हरचं जेवण आणि रात्रीचा भत्ता यात आहे का? उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागवा. थोडी आगाऊ रक्कम द्यायला हरकत नाही, पूर्ण कधीच देऊ नये.

नंबरप्लेट बघा. भाड्याच्या टुरिस्ट टॅक्सीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं असतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती स्वतः चालवायची भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी ‘ओळखीतली आहे, स्वस्तात नेतो’ म्हणून देत असेल तर घेऊ नका. ती भाड्याने फिरवणं बेकायदेशीर आहे, आणि घाटात काही झालं तर विमा कंपनी भाड्याच्या प्रवाशांचं दायित्व नाकारू शकते. हजार-पाचशे वाचवण्यापायी हा धोका कुटुंबाला घालू नये.

आणि एक चूक नेहमीची: जाण्यापुरती टॅक्सी करायची नि परत येताना तिथली पकडू म्हणायचं. काब द रामच्या दारात रिकाम्या टॅक्सींची रांग नसते. सूर्यास्तानंतर तर काहीच नसतं, आणि बाहेरून गाडी बोलवावी तर फोनला रेंज मिळेलच असं नाही. दिवसभर एकच गाडी, एकच ड्रायव्हर.

गाडी कोणती, तर चौघांपर्यंत सिडान पुरते. पाच-सहा जण असतील तर सात आसनी घ्या, पण तिसऱ्या रांगेत कुणाला बसवणार ते आधी ठरवा. करमल घाट आणि आगोंद-काब द राम-बेतूल हा टापू, दोन्हीकडे वळणामागे वळण आहे, आणि ज्यांना गाडी लागते त्यांचं तिसऱ्या रांगेत काही खरं नाही. अशा माणसाला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा, घाटाआधी फोन खाली ठेवायला लावा. डॉक्टरांनी सुचवलेली गोळी घ्यायची असेल तर मडगाव सोडण्याआधी, घाट सुरू झाल्यावर नव्हे. जड नाश्ताही नको. मडगावात पातळ भाजी-पाव किंवा एखादा बन आणि चहा एवढ्यावर थांबावं, मिरची भजी परतीला.

पैसे रोख ठेवा. यूपीआय सगळीकडे चालतं, पण काब द राम ज्या खोला गावात आहे तिथल्या डोंगरात नेटवर्क येतं-जातं आणि शहाळेवाल्यासमोर फोन वर धरून उभं राहावं लागतं. नकाशा आधीच उतरवून घ्या. नकाशात ‘किल्ला’ आणि ‘किनारा’ अशा दोन वेगळ्या खुणा आहेत. ड्रायव्हरला नुसतं काब द राम म्हटलं की तो किल्ल्यावर नेतो. दोन्ही खुणा त्याला सकाळीच दाखवा. रेंज नसते म्हणूनच प्रत्येक थांब्यावर उतरताना तोंडी ठरवायचं: पाच वाजता, याच झाडाखाली. ‘फोन करतो’ हे या भागात चालत नाही.

जेवण आगोंदला घ्या किंवा चावडीवर, म्हणजे काणकोणच्या बाजारात. चावडीवर शितकडी (भात आणि माशांची आमटी) साधी, ताजी आणि पटकन मिळते. आगोंदला समुद्र समोर मिळतो पण ऑर्डर यायला पाऊण तास लागतो, तो वेळेत धरा. ड्रायव्हर कुठे जेवणार हे तुम्हीच विचारा. बारा तास गाडी चालवणाऱ्या माणसाला दुपारी पोटभर जेवण आणि अर्धा तास पाठ टेकायला मिळणं ही तुमच्या परतीच्या प्रवासाची काळजी आहे. स्वच्छतागृहही इथेच वापरून घ्या, पुढे किल्ल्याकडे भरवशाचं काही धरू नका. नोव्हेंबर ते मार्चमध्ये आगोंदच्या वाळूत दोऱ्या बांधून राखलेले तुकडे दिसले तर त्यांच्यापासून लांब चाला. ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालतात आणि वनखातं ती जागा राखतं.

पर्तगाळी मठ, श्रीस्थळचा मल्लिकार्जुन, पाळोळे, गालजीबाग हे सगळं ‘आलोच आहोत तर’ म्हणून जोडायचा मोह होतो. एक जोडलं की एक तास गेला, आणि तो तास कड्याच्या वाट्यातून जातो. काणकोण हा वेगळा दिवस आहे. तसंच सकाळी शापोरा-वागातोर आणि संध्याकाळी काब द राम हा बेत कागदावरच शोभतो. दोन्हींच्या मध्ये अख्खा गोवा पडतो. बारदेश-पेडण्यात राहणाऱ्यांकडे अर्धाच दिवस असेल तर केरीहून फेरीने तेरेखोलला जावं. तोही उंच सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, आहे, नदीचं मुख पायाशी आहे, आणि त्यासाठी आठ तास-ऐंशी किलोमीटरचं पॅकेज बरोबर बसतं.

आता किल्ला. स्थानिक नाव खोलगड, गाव खोला; काब म्हणजे पोर्तुगीजमध्ये भूशिर. वनवासात राम-सीता इथे राहिली अशी लोकांची श्रद्धा आहे, म्हणून काब द राम. किल्ला सोंदेकर राजांकडे, म्हणजे आजच्या उत्तर कन्नडातल्या सोंद्याच्या राजघराण्याकडे, होता. हैदरअलीने सोंदे गिळायला घेतलं तेव्हा, १७६३ साली, तो पोर्तुगिजांकडे आला. फोंडा, केपे, सांगे, काणकोण या ज्या प्रदेशाला पुढे नव्या काबिजादी म्हणू लागले, तोही सोंद्याच्या त्याच पडझडीतून त्यांच्या हाती लागत गेला. नंतर इथे तुरुंग होता, १९५५ पर्यंत. आत पांढरंशुभ्र सांत आंतोनचं चर्च आहे आणि ते वापरात आहे. तिथे प्रार्थना चालू असेल तर आवाज खाली आणि फोटो बंद.

दारापुढे खंदक आहे. आत गेल्यावर बहुतेक जण चर्च पाहतात, दोन तोफांवर बसून फोटो काढतात आणि मागे फिरतात. पाऊलवाटेने पश्चिमेच्या टोकापर्यंत जा, किल्ला तिथे आहे. खाली तीन बाजूंनी समुद्र, उत्तरेला आणि दक्षिणेला किनारपट्टी उलगडलेली. चालणं सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं, फक्त दाराजवळ आणि बुरुजांवर पायऱ्या जपून. पाणी माणशी एक लिटर. माकडं असतात, खाण्याची पिशवी हातात लोंबती नको. सूर्यास्तापर्यंत आत थांबता येईल असं गृहीत धरू नका. दारातला वेळेचा फलक वाचून आत जा. सूर्यास्त पाहायचा तो बाहेर, किनाऱ्यावरच्या उंचवट्यावरून, आणि तो तिथून जास्त चांगला दिसतो, कारण किल्ल्याचं नाक तुमच्या उजव्या हाताला समुद्रात शिरलेलं असतं.

कड्याबद्दल सविस्तर सांगायला हवं. हे वरचं टणक कवच जांभ्याचं आहे. जांभा वर कडक असतो आणि खाली मऊ. घर बांधणाऱ्याला हे ठाऊक असतं: चिरा खाणीतून काढताना कोयत्याने तासता येतो, उन्हावाऱ्यात राहिला की लोखंडासारखा होतो. सड्याचा वरचा थर वर्षानुवर्षं ऊन-वारा खाऊन कडक झालेला. त्याच्याखाली पांढुरकी-पिवळट, चिकणमातीसारखी माती. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपून ही माती खालून धुऊन नेतं, खारा वारा आणि लाटा उरलेली खरवडतात. परिणाम असा की वरची फरशी जागच्या जागी राहते आणि तिच्याखाली पोकळी होते. वरून पाहणाऱ्याला ती भक्कम दगडी ओसरी वाटते. तिच्याखाली आधार आहे की नाही, हे वर उभं राहून कळण्याचा मार्ग नाही.

काही खुणा मात्र वाचता येतात. काठाला समांतर गेलेली भेग, किंवा काठापासून वावभर आत एका रेषेत उगवलेलं गवत, म्हणजे तिथे फट आहे नि तिच्यात माती साचलीय. त्या रेषेच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. पाऊल आपटल्यावर बद्द आवाज आला तर मागे या. भेग नसली तरी काठापासून तीन मीटर, म्हणजे चार मोठी पावलं, आत राहावं. पावसाळ्यात आणि पाऊस संपल्यानंतरच्या महिन्याभरात त्याच्या दुप्पट. दुसरा धोका सुट्या खड्यांचा. जांभ्याच्या वरच्या पृष्ठावर वाटाण्याएवढे गोल खडे सुटतात आणि उतारावर पायाखाली घरंगळतात. गुळगुळीत तळाची चप्पल इथे घातक आहे. खाचांचा बूट किंवा निदान मागे पट्टा असलेली सँडल हवी. पाऊस पडून गेला असेल तर त्याच दगडावर शेवाळाचा पातळ थर येतो, तो काळा दिसतो, हिरवा नाही, म्हणून लक्षात येत नाही.

फोटोसाठी नियम एकच: समुद्राकडे पाठ करून मागे सरकायचं नाही. फोटो काढणारा ‘अजून थोडं मागे’ म्हणतो आणि उभा राहणारा त्याच्यावर विसंबतो, तिथेच घात होतो. बसून फोटो काढा. बसल्याने कडा जास्तच उंच दिसतो. लहान मुलांचा हात एका ठरलेल्या मोठ्या माणसाने धरायचा, ‘कुणीतरी बघतंय’ असं नको. इथे कठडा नाही.

खाली किनाऱ्यावर उतरायचं की नाही हे भरती ठरवते. मुंबई-कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. गोव्यात भरती मुंबईच्या आधी येते, तेव्हा त्यातून थोडी वेळ वजा करायची आणि नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या तक्त्यात पाहायची. पण बेत आखायला तिथी पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारपूर्वी भरून जाते आणि संध्याकाळी ओहोटी लागलेली असते. उधाणाची ओहोटी असल्याने पाणी खूप आत जातं, खडक उघडे पडतात, कड्याच्या पायथ्याशी चालता येतं. अष्टमीच्या सुमाराला उलट: सूर्यास्ताच्या वेळी पाणी वर असतं. भांगाची भरती उधाणाएवढी चढत नाही, तरी पायथ्याची वाट पाण्याखाली जाते आणि लाटा खडकावर फुटतात. वरून पाहायला ती संध्याकाळ सुंदर. खाली उतरायला नाही. पाणी चढत असताना पायथ्याशी कधीही शिरू नका, कारण मागची वाट बुडते आणि वर चढायला जागा नसते. ओहोटीतही कड्याच्या अगदी बुडाशी सावलीत बसणं टाळा. वरची फरशी कोसळते ती तिथेच. पोहायला ही जागा नाही.

जून ते सप्टेंबर सूर्यास्ताच्या आशेने जाऊ नका, ढग असतात. पण ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यांवर फुलांचे गालिचे येतात, त्यात निळी-जांभळी बारीक फुलं असतात ती सीतेची आसवं. रामाच्या नावाच्या या टापूत ते नाव ऐकताना थबकायला होतं. तेव्हा सकाळी निघा, काठापासून लांब सड्यावर फिरा, फुलं तुडवू नका आणि दुपारी परत फिरा. चोवीस डिसेंबर ते दोन जानेवारी हा काळ मात्र पूर्ण टाळा: भाडी चढतात, मडगाव तुंबतं, आणि सूर्यास्ताच्या हिशेबातला प्रत्येक आकडा चुकतो.

उघड्यावर दारू पिणं आणि चूल मांडणं पर्यटनस्थळी कायद्याने बंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एकट्याला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये दंड ठरला होता, पुढे तो वाढवला गेला. बाटली फुटली की जांभ्याच्या भोकांत काचा अडकतात आणि त्या कुणालाच काढता येत नाहीत. अनवाणी गुरं राखणारी पोरं याच सड्यावर फिरतात.

साडेसहाला गाडी निघाली की बेतूलचा रस्ता अर्धा उजेडात, अर्धा काळोखात पार होतो. ज्या ड्रायव्हरला हा रस्ता ठाऊक नाही त्याच्यासाठी ही अडचण आहे, म्हणून गाडी ठरवतानाच विचारावं: खोल्याहून बेतूलला रात्री गेलायत का? उत्तर अडखळलं तर परतीला आगोंदकडून महामार्गच धरा. वीसेक किलोमीटर नि अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. बेतूलला साळ नदीच्या मुखाशी होड्या लागलेल्या दिसतात. मासे घ्यायचे असतील तर गोव्याच्या उष्म्यात दोन तास टिकतील असा बर्फाचा डबा सकाळीच गाडीत ठेवलेला हवा, नाहीतर घेऊ नका. खोल्याची मिरची मात्र आठवणीने घ्या, चावडीवर जेवलात तर तिथेच: लांबट, गडद लाल, तिखट बेताची, रंग भरपूर, तिला भौगोलिक मानांकन आहे. रेशाद मसाल्याला (मासे भरायच्या लाल गोवन वाटणाला) तिच्यासारखी दुसरी नाही. वाळलेली, देठासकट बघून घ्या आणि मोडल्यावर कट्ट आवाज येतोय का ते पाहा. लवचीक असेल तर ओल राहिलीय, महिन्याभरात बुरशी धरेल.

पणजीत उतरताना किलोमीटरचा आकडा तुमच्या सकाळच्या फोटोशी ताडून पाहा (सकाळी निघताना मीटरचा फोटो काढायचाच), व्हॉट्सॲपवर ठरलेली रक्कम द्या, आणि पावती मागून घ्या.